एक्केचाळीसातली अकरा मिनिटं

बुधवारी मोठी बेकरीतून आली, चपला काढता काढता म्हणाली, “भिंगरी येतेय रविवारी. बाबांचा आवाज न्यायला,” आणि धाकटीनं तेव्हापासून रविवार दुपारपर्यंत रोज भाजीत दोनदा मीठ घातलं.

आवाज म्हणजे कुठला, हे या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. सरांचा. सर म्हणजे मोठीचे यजमान आणि धाकटीचे थोरले दीर. बत्तीस वर्षं शाळेत पोरांना कवायत शिकवली, त्यामुळे अख्खं गाव सर म्हणे आणि बायकोही सरच म्हणे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला एक भोक राहिलं, त्यावर पातळ रुमाल आला, आणि बोलायला हातात एक छोटी पाटी आली. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मोठीनं त्यांच्यासमोर मोबाईल ठेवला होता. “बोला काहीही. लेकीसाठी.” लेक, भिंगरी, तेव्हा घरात नव्हती. धावणं सोडून नकाशे काढायला शिकते म्हणून ती दोन वर्षांपूर्वी निघून गेली होती आणि तेव्हापासून बापलेकीत विस्तवही जात नव्हता. सर त्या मोबाईलसमोर एक्केचाळीस मिनिटं बसले.

आता घराचा एक कायदा होता. सरांच्या राज्यात कुठलीच वस्तू दोन नसायची. कात्री एक, टॉर्च एक, दाराची किल्ली एक. “दुसरी आणली की पहिलीला कोण विचारतं?” असं ते म्हणत, आणि म्हणत तेव्हा दोन घरं पलीकडे ऐकू जाई. त्यामुळे मोठीनं ते बोलणं घरातल्या बोळवजा खोलीतल्या कॉम्प्युटरवर नीट ठेवलं आणि मोबाईलमधलं इमानेइतबारे पुसून टाकलं. आवाज एक, जागा एक.

आणि धाकटीनं त्या एक्केचाळीस मिनिटांची अकरा करून ठेवली होती.

*

धाकटीला गाता येत नव्हतं. वाजवता तर त्याहून येत नव्हतं. ती चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची, सकाळची पाळी करून दोनला घरी यायची, आणि इस्त्रीचं टेबल असलेल्या त्या बोळात कपड्यांच्या ढिगाकडे बघत बसायची. कॉम्प्युटर भिंगरीचा, मागे राहिलेला. आठ महिन्यांपूर्वी पत्त्यांचा खेळ शोधता शोधता तिनं भलतंच काहीतरी उघडलं. पडद्यावर आडव्या रिकाम्या पट्ट्या आल्या, फडताळाच्या फळ्यांसारख्या. एक बटण दाबलं तर ‘धप्प’ झालं. दुसरं दाबलं तर ‘टिंग’. धाकटी एकटीच हसली. वयाची बावन्न वर्षं झालेल्या बाईला घरात कुणी नसताना ‘धप्प’ करून हसू येतं, ही गोष्ट तिनं बरेच दिवस नवऱ्यालाही सांगितली नाही.

नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा, सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. त्याला कळलं ते तक्रारीतून. “अहो, हे सारखं टिक टिक करतंय, बघा ना.” त्यानं पेचकस आणून डबा उघडला, पंखा पुसला, दोन वायरी हलवल्या. टिक टिक चालूच. शेवटी तिसऱ्या दिवशी कळलं की ती टिक टिक बिघाडाची नव्हतीच, ती ताल धरता यावा म्हणून मुद्दाम दिलेली सोय होती. लिफ्टवाला म्हणाला, “म्हणजे हा दादाच आहे की. आत बसून एक दोन तीन चार करतोय.”

मग मात्र त्यानं चेष्टा करत करत मदतच केली. सातव्या मजल्यावर दार मिटताना लिफ्ट जो सुस्कारा टाकते तो मोबाईलवर भरून आणला. धाकटीनं कारखान्यातली भिंग घासायची घरघर आणली, आणि ती चौपट सावकाश केली तर तिचा एक लांब, उबदार हुंकार झाला. खिडकीचा पडदा ओढून, हेडफोन घालून ती त्यात बसायची. बोळ नाहीसा व्हायचा. इस्त्रीचं टेबल, साबणाचा वास, उद्याची पाळी, सगळं कुठंतरी लांब तरंगत जायचं आणि ती आपल्याच केलेल्या आवाजात पाय सोडून बसल्यासारखी बसायची. चांगलं होतं की वाईट, तिला कळत नव्हतं. तिचं होतं, एवढं कळत होतं.

सरांच्या आवाजाला तिनं हात लावला तो आठवण येत होती म्हणून. हे अगदी खरं आहे. तेवीस वर्षं ज्या आवाजानं “चपला रांगेत!” म्हणून तिला धारेवर धरलं, तो गेल्यावर घर कसं ओकंबोकं झालं होतं. सर समोर बसलेले असायचे आणि तरी त्यांची आठवण यायची. एका दुपारी तिनं ती फाईल उघडली, नवव्या मिनिटाला सर कवायतीचे आकडे म्हणत होते ते उचलून त्या हुंकारावर ठेवले, आणि ते असे बसले की तिच्या अंगावर काटा आला. फक्त थोडे भरभर होते. तिनं सावकाश केले. मध्ये मध्ये सर बराच वेळ गप्प होते, नुसती खरखर आणि उसासे. ‘शांतता काढून टाका’ असं एक बटण होतं. कारखान्यात भिंगावरचा कण पुसावा तसं तिनं ते दाबलं. शेवटी कॉम्प्युटरनं विचारलं, मूळ फाईलवरच जतन करायचं का? नाही म्हटलं तर केलेलं सगळं जाईल, या भीतीनं ती ‘हो’ म्हणाली.

*

“फाईल खराब झाली म्हण,” लिफ्टवाला रविवारी दुपारी बोळात कुजबुजला. “वीज गेली, उडाली. मशीनचं काय, कधीही दगा देतं. मी लिफ्टवाला सांगतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?”

“आणि सरांना काय सांगू?”

“दादाला काय, त्याला बोलता थोडंच येतं...” हे बोलून गेल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. तो कान खाजवत उभा राहिला. “बरं, मग खरं सांग. पण मी समोर असताना सांग.”

बाहेर दाराशी आवाज झाला. भिंगरी आली होती.

*

भिंगरीनं आईच्या गळ्यात हात टाकला, आईच्या केसांना भाजलेल्या मैद्याचा वास होता, आणि त्या वासात ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग बाबांकडे वळली. सर खुर्चीत ताठ बसले होते. ऑपरेशननंतर ती दोनदा येऊन गेली होती, पण दोन्ही वेळा पाटीवर ‘जेवलीस का’ आणि ‘गाडी कितीची’ यापलीकडे मजकूर गेला नव्हता. पाटीला राग दाखवता येत नाही आणि मायाही नाही. बाबांच्या तोंडून तिनं ऐकलेलं शेवटचं वाक्य होतं, “जाताना दार ओढून घे.” तेच तिच्या डोक्यात दोन वर्षं वाजत होतं. नकाशावर नदीची रेघ ओढताना वाजायचं, भाजी चिरताना वाजायचं. ते पुसायला दुसरं काहीतरी हवं होतं. म्हणून ती आली होती.

“आई, आधी ऐकूया. चहा नंतर.”

“अगं, दम तरी खा.”

“नको. गाडीत दम खातच आले.”

तेवढ्यात काकू बोळाच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागे काका. काकूचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते.

“भिंगरी,” काकू म्हणाली, “मी तुझा गुन्हा केलाय. बाबांचं ते बोलणं... मी त्याचं गाणं केलं. करताना मूळचं गेलं. पूर्ण नाही गेलं, पण होतं तसं नाही राहिलं. आवाज सावकाश झालाय, आणि मधली गप्प बसलेली जागा सगळी गेली. मला वाटलं, रिकामीच आहे.”

भिंगरीला आधी अर्थच लागला नाही. “गाणं?”

“ती शिकतेय,” काका मध्ये पडले. “नवीन आहे ना, होतं असं. मी नाही का पहिल्या वर्षी एका डॉक्टरला तीन तास दोन मजल्यांच्या मध्ये...”

“काका, तुम्ही थांबा.” भिंगरीचा चेहरा पांढरा पडला होता. “काकू, दुसऱ्याची वस्तू आहे, विचारावं एवढंही कळलं नाही? माझ्याकडे तेवढंच होतं!”

“नाही कळलं,” काकू म्हणाली. तिनं डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले.

मोठीला खरं तर धाकटीचा राग यायला हवा होता, पण लेक तिला फाडून खायला निघाल्यावर ती जावेच्या बाजूला सरकली. तेवीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली की अंगाला सवय होते. “पुरे झालं. तिनं काय मुद्दाम केलं?”

“मग मोबाईलमधलं दे! तुझ्या मोबाईलमध्ये असेल ना?”

मोठीनं स्वतःचा मोबाईल पदराआड सरकवला.

“आई?”

“ते मी पुसलं.”

“का?”

“का म्हणजे? एकदा कॉम्प्युटरवर ठेवल्यावर...” मोठीनं एकदम नवऱ्याकडे बोट केलं, आणि तीस वर्षांचं साठलेलं बाहेर आलं. “यांना विचार! घरात दुसरी कात्री येऊ दिली नाही या माणसानं. टाचणी दोनदा मोजतो. मी आपली शहाण्यासारखी नियमानं वागले, आणि बघ, नियमानं वाटोळं केलं!”

“आता दादाला कशाला...” लिफ्टवाल्यानं सुरुवात केली.

“तुम्ही गप्प बसा भाऊजी. पुसायचं बटण कुठलं ते तुम्हीच दाखवलंत.”

हे खरं होतं. आता खोलीत एकही माणूस असा उरला नव्हता ज्याचा काहीच दोष नव्हता.

सरांनी दोनदा टाळी वाजवली. ऑपरेशननंतर शिट्टी फुंकता येत नव्हती, तेव्हापासून दोन टाळ्या म्हणजे थांबा. चौघंही थांबली. सरांनी पाटीवर लिहिलं आणि धाकटीकडे फिरवली.

‘लाव.’

*

बोळात पाच माणसांना बसायला जागा नव्हती. सर खुर्चीत, मोठी इस्त्रीच्या स्टुलावर, भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून, लिफ्टवाला कपड्यांच्या ढिगावर. धाकटीनं सवयीनं पडदा ओढला. दुपारचं ऊन पडद्याच्या कापडातून गाळून आत आलं आणि सगळ्यांचे चेहरे मधाच्या रंगाचे झाले.  आजवर हे तिच्याशिवाय कुणीही ऐकलं नव्हतं.

आधी तो हुंकार आला. कुठून येतोय कळू नये असा, जमिनीखालून यावा तसा. त्यावर लिफ्टचा सुस्कारा, एकदा, मग बऱ्याच वेळानं पुन्हा. आणि मग सर आले.

एक.

इतकं सावकाश की त्या शब्दाला आत खोल्या असल्यासारखं वाटलं.

दोन.

मोठीच्या तोंडातून “अगं बाई” निघून गेलं.

तीन आणि चार यांच्यामध्ये ‘टिंग’ पडत होती, ती प्रत्येक वेळी जराशी उशिरा. धाकटीला एकदा वाजवलेलं पुढे चिकटवता येतं हे ठाऊकच नव्हतं. तिनं सगळ्या टिंगा एकेक करून, स्वतःच्या बोटानं वाजवल्या होत्या, अकरा मिनिटांच्या. कधी बोट लवकर पडलं, कधी रेंगाळलं. मोठीच्या बेकरीतल्या ट्रेंचा खणखणाट, पेपरातल्या जाहिराती वाचणारे सर, “कंबर सरळ” म्हणणारे सर, सगळे एकमेकांत विरघळून वाहत होते. लिफ्टवाल्यानं डोळे मिटले. सातव्या मजल्यावरच्या त्या दारात आपण काय भरून आणलं होतं, हे त्याला आज कळत होतं.

सरांना हे ऐकताना वाटलं की कुणीतरी आपल्याला पाण्यावर उताणं झोपवलंय. हा आवाज आपला होता आणि नव्हताही. त्यात घाई नव्हती. आयुष्यभर त्यांनी पोरांना घाईच केली होती, लेकीला तर सगळ्यांत जास्त. तिनं धावणं सोडलं तेव्हा एखादा दिवस तरी असं सावकाश बोललो असतो तर? त्यांना आणखी एक गोष्ट आठवत होती, जिचं कारण त्यांच्या मते इथं फक्त मोठीला माहीत होतं. त्या दुपारी एक्केचाळीसपैकी पस्तीस मिनिटं ते बोललेच नव्हते. लेकीला काय सांगावं ते सुचत नव्हतं, भीतीनं श्वास तुटत होता. धाकटीनं ते सगळं काढून टाकलं, हे ऐकून आज त्यांना मनातून सुटल्यासारखं झालं होतं.

संगीत संपलं. लांबून एक स्कूटर गेली.

सरांनी पाटी पुसली. लिहायला वेळ लावला. मग भिंगरीपुढे धरली.

‘पहिल्यातला माणूस घाबरलेला होता. तो गेला, बरं झालं. हा चांगला आहे. हा ने.’

भिंगरीनं वाचलं. दोनदा वाचलं. धाकटीला वाटलं, आता मिटलं. मोठीनं तर उठायला गुडघ्यांवर हात ठेवलेसुद्धा.

“छान आहे काकू,” भिंगरी म्हणाली. “खरंच छान आहे. इतकं छान आहे की मला रडू येतंय.” आणि मग ती बापाकडे वळली. “पण बाबा, मला तोच माणूस हवा होता. घाबरलेला. चांगला माणूस मी जन्मभर पाहिलाय. मैदानात, घरात, सगळीकडे तुम्ही चांगलेच. मी पळताना मला उलटी यायची, रोज यायची, भीतीनं. सांगायचं कुणाला? तुम्हाला कधी भीतीच वाटली नाही म्हटल्यावर मीच काहीतरी नासकी आहे असं वाटायचं. आई परवा फोनवर म्हणाली, त्या दिवशी तुम्ही माझं नाव घ्यायला गेलात आणि घेता येईना. मला ते ऐकायचं होतं. ते घेता न येणं.”

मोठीनं मान खाली घातली. लेकीला आपणच सांगितलं होतं, हे आता सरांना कळलं होतं.

सरांनी खडू उचलला, परत ठेवला.

*

रोज सकाळी सर न्हाणीत नळ सोडून अर्धा तास बसत. घरातल्या सगळ्यांना वाटे, म्हातारा पाणी फुकट घालवतो. मोठी दाराबाहेरून ओरडेही. नळ कशासाठी असे ते सरांनाच माहीत होतं. दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं होतं, हवा घोटासारखी गिळायची आणि घशाखालून वर येताना तिच्यावर शब्द चढवायचा. जो आवाज निघे तो ढेकरेसारखा. बत्तीस वर्षं मैदान हलवणाऱ्या माणसाला तो ऐकून शरमेनं मेल्यासारखं होई. म्हणून नळ.

सरांनी टेबलावरचा छोटा माइक बोटानं दाखवला. मग स्वतःकडे.

“सर?” धाकटीला कळेना.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. धाकटीनं घाईघाईनं माइक त्यांच्या तोंडापाशी सरकवला, माउस हलवला, पडद्यावर एक रिकामी पट्टी उघडली. सरांनी घोट गिळला. काहीच आलं नाही. पुन्हा गिळला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. मोठी अर्धवट उठली, लिफ्टवाल्यानं तिचा हात धरून बसवलं.

“भिंग... री.”

जाड, ओला, खालून आलेला आवाज. बाजारात कुणाचा ऐकला असता तर पोरं हसली असती. भिंगरीचे दोन्ही हात तोंडावर गेले.

आणखी एक घोट.

“भीती... वाट... ली.”

मग बराच वेळ काही नाही. नुसता गळ्याच्या भोकातून जाणारा येणारा श्वास, रुमाल हलवणारा. नंतर शेवटचं, “लई.”

भिंगरी खाली बसली ती बापाच्या गुडघ्यावर कपाळ टेकूनच. सरांचा हात तिच्या डोक्यावर आला, जरा चुकत, जरा जोरात, सवय नसलेल्या माणसाचा येतो तसा. मोठी उघड उघड रडत होती. लिफ्टवाला कपड्यांच्या ढिगातल्या कुणाच्या तरी सदऱ्याला डोळे पुसत होता.

धाकटी मात्र पडद्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पट्टी रिकामी होती. सरळ, रिकामी, एकही रेघ नाही.

“मी...” ती म्हणाली. “मी भरून घ्यायचं लाल बटण दाबलंच नाही.”

 मोठीनं कपाळावर हात मारला. लिफ्टवाल्यानं सवयीनं माइकची वायर हलवून पाहिली. भिंगरीनं मान वर केली, काकूकडे बघितलं, आणि तिला राग आला नाही, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

सर धाकटीकडे बघत होते. ते त्यांचं जुनं बघणं होतं, मैदानातलं, ज्याच्यापुढे हजारो पोरांनी चुकीचा पाय उचलून जिभा चावल्या होत्या. त्यांनी हवा गिळली.

“पुन्हा,” सर म्हणाले.

धाकटीनं लाल बटण दाबलं. लेकीला त्यांनी गुडघ्यापासून उठू दिलं नाही. दोन घोट घेतले आणि पहिल्यापासून, तिच्या नावापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा ते जास्त स्पष्ट आलं.